आयलीस गो बाय?

गादी न्यायची होती. काम एवढंच.

दोन हजार तेवीस साल, जुलैचा दुसरा आठवडा. मी तेव्हा शाळेची बस चालवायचो, तळोज्याच्या वाटेवरच्या त्या काचेच्या शाळेची. दुपारी पोरं सोडली की बस रिकामी. मोठ्या मॅडमनी बोलावलं आणि म्हणाल्या, "कमळाकर, नव्या फ्रेंचच्या टीचर आल्यात. त्यांना पनवेलच्या बाजारात घेऊन जा. घर लावायचंय त्यांना."

हेतल, तो मोबाइलचा उजेड विझव आधी. आर्यन, सरक इकडे, जिन्याच्या तोंडाशी बसू नको. लाईट येईस्तोवर सांगतो. पण मधे कुणी हसायचं नाही. ही बाई माझ्या ओळखीची आहे. तिच्या तोंडून ऐकलेलं सांगतोय, पदरचं काही घालत नाही.

तिचं नाव मिताली बापू. हो, आडनावच बापू. मॉरिशसची. तिच्या पणजोबाचा बाप इथून, रत्नागिरीच्या बाजूनं, ऊस तोडायला बोटीतून गेला तो गेलाच. दीडशे वर्षं झाली. तिथं जन्मलेली, तिथंच शिकलेली ही पोरगी मराठी मात्र बोलायची. थोडं आजीचं, थोडं पुस्तकातलं. बाजारात मला म्हणाली, "काका, मला एक गादी पाहिजे, एक बादली पाहिजे आणि मीठ ठेवायला ते... मातीचं..." म्हटलं, "बरणी?" तर अशी खूश झाली, जसं काही मी तिला हरवलेला दागिना काढून दिला.

वय असेल चौतीस-पस्तीस. लग्न झालं नव्हतं. घरी आई आणि एक भाऊ, महादेव. बाप लहानपणीच गेलेला. आईच्या दोन्ही किडन्या अधू. मग ही एवढ्या लांब आली कशाला? मी विचारलं एकदा. म्हणाली, "काका, माझी आई आयुष्यभर म्हणायची, आपला गाव, आपला गाव. गाव कुणी बघितलाच नव्हता. मला नोकरी मिळाली तेव्हा तीच म्हणाली, जा, बघून ये. आणि विमानतळावर मला सोडताना तीच रडायला लागली."

घर काही सहज मिळालं नव्हतं तिला. एकटी बाई, त्यात परदेशी पासपोर्ट. चार सोसायट्यांनी नाही म्हटलं. शेवटी दीनानाथ म्हणून एक एजंट होता कामोठ्यात, त्यानं हे घर दाखवलं. चौथा मजला, चारशे तीन. एक खोली, हॉल, स्वयंपाकघर. मालकीणबाई मस्कतला, किशोरी तिचं नाव, तीही टीचरच. टीचरला घर हवंय म्हटल्यावर ती फोनवर लगेच हो म्हणाली.

घर रिकामं होतं. फक्त दाराच्या आत, भिंतीला टेकून, एक निळी प्लास्टिकची खुर्ची. मी गादी वर नेऊन दिली तेव्हा तिनं ती खुर्ची उचलून बाल्कनीत ठेवली. माझ्यासमोर. ते मी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला म्हणाली, "काका, काल तुम्ही खुर्ची परत आत ठेवलीत का?"

मी कशाला ठेवू? मी तर गादी टाकली आणि खाली उतरलो.

तिनं विचार केला, आपणच ठेवली असेल. नवं घर, नवा देश, माणूस थकलेलं असतं.

आता अठरा जुलै, मंगळवार. दूध संपलं होतं. ती खाली गेली. कामोठ्यात रात्रीही दुकानं चालू, रिक्षा चालू, क्लासमधून सुटलेली पोरं रस्त्यावर. भीती वाटावी असं काहीही नाही. दूध घेतलं, लिफ्टनं वर आली. नऊ वाजून वीस मिनिटं झालेली. कुलपात चावी घातली. फिरवली. आणि दाराच्या आतून, अगदी लागून, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"आयलीस गो बाय?"

एवढंच.

तिला वाटलं मजला चुकला. नंबर बघितला. चारशे तीन. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता, तिथला असेल म्हणून तिनं दार ढकललं. आत अंधार. दिवा लावला. कुणी नाही. खुर्ची दारापाशी.

त्या रात्री ती बाल्कनीत बसून राहिली, दिवे चालू ठेवून.

मग हे पुन्हा झालं. दिवसा नाही. पाचला मी तिला सोडायचो, तेव्हा घर मुकं. पण अंधार पडल्यावर बाहेरून आली, चावी फिरवली, की तो आवाज. रागाचा नाही, रडका नाही. एखाद्या बाईनं तासभर वाट बघावी आणि पावलं ऐकून जीव भांड्यात पडावा, तसा. आयलीस गो बाय?

चौथ्या वेळी ती सरळ शेजारी गेली, भामावहिनींकडे. भामावहिनी म्हणजे आपल्या आगरी बाई, उलव्याच्या, जीभ सढळ. पण हिनं विचारलं तशी त्यांनी आधी हिला आत घेतलं, दार लावलं, पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तुला कुनी सांगला नाय काय?"

गोष्ट अशी. त्या घरात किशोरीची आई राहायची. कृष्णाबाई. गव्हाणची. नवरा मिठागरावर होता, लवकर वारला. एकुलती एक पोर, तिला मिठागरावरच मजुरी करून शिकवली. पोर शिकली, मस्कतला गणित शिकवायला लागली. आईला गावात एकटी कशी ठेवायची म्हणून हे घर घेतलं, दवाखाना जवळ म्हणून. कृष्णाबाईला इथं करमायचं नाही. पण पोरीनं घेतलंय म्हणून राहिली.

दोन वर्षांपूर्वी गौरीला किशोरी येणार होती. रात्री आठला पोचते म्हणाली. म्हातारीनं सगळं रांधलं आणि खुर्ची घेऊन दारापाशी बसली. वयानं ऐकू कमी यायचं, बेल वाजली आणि कळलीच नाही तर, म्हणून. विमान रखडलं. किशोरी आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी. बेल वाजवली, हाका मारल्या. शेवटी भामावहिनींकडची चावी आणली.

"दार उघडंना गो," भामावहिनी म्हणाल्या. "कडी लावल्याली नव्हती. ती व्हती दाराला टेकून. कडीवर हात ठेवून बसल्यालीच गेली."

मिताली उठली. घरी आली, म्हणजे दारापर्यंत आली. बराच वेळ बाहेर उभी राहिली. मग पायऱ्यांवर बसून तिनं मस्कतला फोन लावला.

हे बोलणं तिनं मला शब्दाला शब्द सांगितलंय.

ती म्हणाली, "किशोरीताई, मला घराबद्दल बोलायचं आहे."

"सोडताय ना?" किशोरी म्हणाली. "तुमच्या आधीचेपण गेले. तीन महिन्यांत. कारण नाही सांगितलं."

"मला आवाज येतो."

"कसला आवाज?"

"रात्री दार उघडताना. विचारतात... आयलीस गो बाय."

मिताली म्हणाली मला वाटलं फोन कटला. मग किशोरी बोलली, पण आवाज ओळखू येईना.

"तुम्हाला म्हणाली?"

"हो."

"मी तिच्या तेराव्यानंतर महिनाभर त्या घरात होते हो. रोज रात्री बाहेर जाऊन परत यायचे. मुद्दाम. कुलूप लावायचे, काढायचे. दहा-दहा वेळा. मला एकदाही नाही म्हणाली. एकदाही नाही."

आणि ती रडायला लागली. मोठ्यानं. परदेशातल्या भाड्याच्या खोलीत माणूस तोंडावर हात धरून रडतं, तशी नाही. गावातल्या बाईसारखी.

मितालीनं घर सोडलं नाही.

मी तिला सांगून बघितलं. म्हटलं, पोरी, माझ्या मेव्हणीकडे खोली आहे, चल. ती नको म्हणाली. "काका, शाळेत सगळे मला गुड मॉर्निंग म्हणतात. आलीस का, असं इथं मला दुसरं कुणी विचारत नाही."

पुढं पुढं तर ती रात्री उगाच खाली जायला लागली. कधी कोथिंबीर, कधी काहीच नाही. गेटपर्यंत जायचं, परत यायचं. चावी फिरवायची. आयलीस गो बाय? आणि ही म्हणायची, "आले, आजी." खुर्ची तिथंच राहू दिली.

रोज रात्री नऊला ती आईला फोन करायची. मॉरिशसमध्ये तेव्हा साडेसात. आई विचारायची, "तो फिन मांझे?" म्हणजे जेवलीस का. त्यांच्या तिकडच्या भाषेत. मिताली तिला शाळेचं सांगायची, बाजाराचं सांगायची, माझंपण सांगायची म्हणे. आणि शेजारी एक आजी आहे म्हणून सांगितलं होतं. शेजारी. खरं कसं सांगणार? मग आई रोज चौकशी करायची, आजी बरी आहे का, तिला गुडघे दुखतात का, तिचं कुणी येतं का तिला बघायला. मिताली म्हणायची, "येतं ना, आई. रोज येतं."

नोव्हेंबरात आईचं दुखणं वाढलं. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. महादेव म्हणाला, लगेच येऊ नको, डिसेंबरच्या सुट्टीत ये, तोवर काही होत नाही. शनिवार, सोळा डिसेंबरचं तिकीट काढलं. आईला सांगितलं तशी ती म्हणाली, "दारात उभी राहीन मी. कुणी धरायचं नाही मला."

आता ऐका.

चौदा डिसेंबर. गुरुवार. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. भामावहिनींकडे घट मांडलेला, हळदीकुंकवाला बायका. मितालीला अगत्याचं बोलावणं. तिनं आदल्या रात्रीच आईला सांगून ठेवलं होतं, उद्या फोन जरा उशिरा करीन. आई म्हणाली, कर, पूजा नीट बघ, मला सगळी सांग.

शाळेतून आली, साडी नेसली. दाराला कुलूप लावून आठला शेजारी गेली. कहाणी ऐकली. फोन पिशवीत, आवाज बंद करून. प्रसाद घेतला, कपाळाला हळदकुंकू, ओटीत एक केळं. निघाली तेव्हा भामावहिनींच्या भिंतीवरचं घड्याळ सव्वानऊ दाखवत होतं.

दार तर शेजारचंच. दहा पावलं.

पॅसेजचा दिवा गेलेला. जिन्यातला उजेड येत होता तेवढाच. ती चावी काढतेय. हाताला चावी लागेना. केळं या हातातून त्या हातात. चावी सापडली. कुलपाजवळ नेली...

आत कुणीतरी बोलत होतं.

तिला नाही. आपसात.

ती थांबली.

कृष्णाबाईचा आवाज तिच्या ओळखीचा झाला होता. पाच महिने रोज ऐकलेला. पण आजवर तीन शब्दांच्या पुढं नाही. आज ती बोलत होती. हळू. दुपारी पडवीत बसून बोलावं तशी.

"...लांबशी आयलीस."

आणि दुसरी म्हणाली, "खूप लांबून."

दुसरी बाई. घरात दुसरी बाई.

"पानी पी."

"नको. आता नको."

"दमलीस."

"नाही गं. आता नाही दमले."

आणि दुसरी खोकली. बारीक. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा.

आर्यन, आपल्या माणसाचा खोकला हजार माणसांत ओळखू येतो. तुझी आई खोकली तर तुला वर बघावं लागतं का?

मितालीचा हात कुलपावर.

आत कृष्णाबाई म्हणाली, "पोर येल आता. खाली गेली आसल."

दुसरी म्हणाली, "मो तिफी."

माझी लेक. तिकडच्या भाषेत. माझी लेक.

आणि हसली. मिताली म्हणाली, काका, वर्षभरात आई हसलेली मी ऐकली नव्हती.

मग...

मग आतलं बोलणं थांबलं.

त्यांना कळलं, दाराबाहेर कुणी आहे.

खुर्ची सरकली. फरशीवर. पावलं आली. एकाच बाईची. अनवाणी. दारापाशी थांबली.

लाकडाची दोन बोटं जाडी. अलीकडे ही. पलीकडे...

"आलीस?"

कृष्णाबाई नव्हती ती.

"आलीस, मिता?"

आणि तेवढ्यात पिशवीत फोन थरथरला. आवाज बंद, पण उजेड पडला. पिशवीच्या कापडातून दिसावा इतका. महादेव.

पोरांनो, एका हातात चावी आहे. दुसऱ्या हातात फोन. दोन्ही एकाच वेळी नाही होत.

तिनं फोन घेतला.

का घेतला, तिला नाही सांगता येत. सवय. वाजला की घ्यायचा. महादेव म्हणाला, "ताई..." आई जाऊन दहा मिनिटं झाली होती. तिकडे तेव्हा साडेसात वाजून गेलेले, इकडे नऊ. घरच्या पलंगावरच. मितालीचं नाव घेतलं होतं, दोनदा.

तिनं फोन कानाला तसाच धरून दार उघडलं.

अंधार. कुणी नाही. खुर्ची नेहमीच्या जागी.

"आई," ती म्हणाली. "आले. आई, मी आले."

काही नाही.

"आजी..."

काही नाही.

ती किती वेळ तशी हाका मारत होती, तिला माहीत नाही. भामावहिनींनी ऐकल्या. त्या धावत आल्या, जवळ बसल्या, चहा केला. मला फोन त्यांनीच लावला. महादेवनं सगळं थांबवून ठेवलं होतं, शुक्रवारचं सकाळचं विमान मिळालं. भामावहिनी म्हणाल्या, मी झोपते तुझ्याजवळ. हिनं ऐकलं नाही. तिला वाटलं, घरात दुसरं कुणी असलं तर आई आणि आजी यायच्या नाहीत. साडेबाराला वहिनी गेल्या, हिनं आतून कडी लावली. वरची खिट्टीपण. आणि त्या खुर्चीच्या पायाशी, फरशीवर, साडीतच बसली. पहाटेपर्यंत वाट बघायची म्हणून. पण बसल्या बसल्या डोळा लागला.

पुढचं थोडक्यात सांगतो. ती गेली, आईचं तोंड दिसलं, अग्नी दिला. जानेवारीत परत आली. कराराची मुदत होती, तेवढं वर्ष शिकवलं आणि मग कायमची निघून गेली. पण परत आल्यापासून त्या घरात आवाज नाही. तिनं सगळं करून पाहिलं. रात्री खाली जायची, परत यायची, चावी फिरवायची. दहा-दहा वेळा. मी एकदा खाली बसमध्ये बसून बघितलंय, चौथ्या मजल्यावरचा पॅसेजचा दिवा लागायचा, विझायचा, लागायचा. मग तिनं मस्कतला फोन केला. किशोरीला सगळं सांगितलं. किशोरीनं एवढंच विचारलं, "हसली होती का माझी आई?" मिताली म्हणाली, "तुमची नाही. माझी." तर किशोरी म्हणाली, "बरं झालं. तिला सोबत मिळाली."

मिताली मला जाताना म्हणाली, "काका, मी आधी दार उघडायला पाहिजे होतं." मी तिची बॅग उचलून गाडीत ठेवली.

एक मात्र राहिलं. हे तिनं सांगितलेलं नाही. हे मी पाहिलं.

त्या शुक्रवारी पहाटे पावणेचारला मी भाच्याची गाडी घेऊन तिच्या दारात गेलो. बेल वाजवली. आतून खिट्टी काढल्याचा आवाज आला, मग कडी. दार उघडलं. रात्रीचीच साडी, चुरगळलेली. डोळे सुजलेले. आणि डोक्याला दोन वेण्या.

मी तिला रोज बघायचो. केस वर गुंडाळून पिन लावायची, दुसरं काही नाही. पस्तिशीची बाई, शाळकरी पोरीसारख्या दोन वेण्या घालून उभी, आणि मला म्हणते, "काका, रात्री तुम्ही किंवा वहिनी आला होतात का?"

म्हटलं, "कडी तर तूच काढलीस आत्ता."

ती आरशासमोर गेली. मी मागे उभा. उजवी वेणी करकचून घातलेली, चापूनचोपून, कानाला ओढ बसेल अशी, तेल निथळणारी. हिच्या घरात तेलाची बाटलीच नव्हती. आणि डावी सैल. मऊ. तिचे पेड उलटे पडलेले, उजवी वेणी ज्या बाजूनं वळते त्याच्या बरोबर उलट.

तिनं ती डावी वेणी हातात धरली.

मग म्हणाली, "माझी आई डावखुरी होती."